आत्याची आंघोळ

झाडं कशी सांभाळावीत हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून मी आयुष्यभर भिंगं घासली. त्या कामात केसाएवढी चूक झाली तर गिऱ्हाइकाला जिना दुप्पट दिसायला लागतो. निवृत्त होईपर्यंत मी एकालाही जिन्यावरून पाडलं नाही. असल्या माणसाला चार झाडं जगवता येणार नाहीत?

ती चार झाडं मुलीने आणून दिली. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. गेल्या खेपेला आली तेव्हा घरभर नुसतीच फिरली. तिची आई गेल्यापासून बैठकीची खिडकी मोकळीच होती. त्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली, बाहेर गेली आणि एक खोकं घेऊन परत आली.

"बाबा, ही एअर प्लांट्स. यांना माती नको, कुंडी नको. हवेवर जगतात."

"म्हणजे माझ्यासारखीच!"

ती हसली नाही. "आठवड्यातून एकदा अर्धा तास पाण्यात बुडवायची. मग उलटी धरून झटकायची आणि वाऱ्यावर वाळवायची. ओली राहिली की आतून कुजतात. जमेल ना?"

"मजेत!"

हा माझा ठरलेला शब्द. फोनवर ती विचारते, कसे आहात? मजेत! जेवलात? मजेत! एकदा तिने तिकडे थंडी आहे का विचारलं, तरी माझ्या तोंडून मजेतच गेलं. त्यामुळे आमचे फोन फार लवकर आटपतात.

ती गेली, आणि चार झाडं आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. बिननावाच्या माणसांबरोबर किती वेळ बसणार? म्हणून मी नावं ठेवली. दोन चिमुकली होती ती जुळी. एक बुडाशी गरगरीत, कंबरेचा पट्टा सैल करून बसल्यासारखं, तो मामा. आणि चौथं सगळ्यात मोठं, चंदेरी, चहूकडे वळलेल्या बटा! माझ्या थोरल्या बहिणीच्या डोक्यावर न्हाल्यानंतर जे काही उभं राहतं, त्याची हुबेहूब नक्कल. तिचं नाव दुसरं काय असणार? मुलीची आत्या!

पहिल्याच आठवड्यात मामा गेला. दोष माझा नाही. आंघोळ झाल्यावर मी त्याला हौसेने काचेच्या बरणीत बसवला, आणि तो आत ओलाच राहिला. उचलायला गेलो तर वरचा अर्धा भाग हातात आला आणि खालचा बरणीत राहिला! मी दोन्ही अर्धे केराच्या डब्यात टाकले आणि त्या दिवशी उगाचच रेडिओ लावला नाही.

त्यानंतर मात्र मी भिंगाच्या शिस्तीने कामाला लागलो. रविवारी सकाळी न्हाणीघरात बादली भरायची, मंडळींना आत सोडायचं, स्टूल घेऊन शेजारी बसायचं आणि मुलीला सगळा वृत्तांत कळवायचा. ती कामात असते, फोन उचलत नाही; म्हणून मी आवाजी निरोप पाठवतो. उत्तरादाखल संध्याकाळी एक अंगठा येतो; निरोप ऐकते की नाही, देव जाणे!

आता एक सांगायचं राहिलं. आमच्या इमारतीतल्या सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या पाइपांच्या एकाच अरुंद बोळात उघडतात. वरच्या मजल्यावर कोणी खोकलं तर खालच्या मजल्यावरचे औषध घेतात, इतका त्यात आवाज घुमतो!

त्या रविवारी आत्या ऐकेचना. आत दाबली की बुळ्ळकन वर! पुन्हा दाबली, पुन्हा वर! शेवटी मी तिच्यावर ताट पालथं घातलं. ताटही तरंगायला लागलं. मग ताटावर जुनी इस्त्री ठेवली. बिघडलेली आहे, घाबरू नका! आणि फोन तोंडाशी धरून मोठ्या आवाजात निरोप सुरू केला.

"तुझ्या आत्याला बुडवलंय! सारखी डोकं वर काढत होती, म्हणून डोक्यावर ताट आणि ताटावर इस्त्री ठेवलीये. आता कशी वर येते बघतो! अर्ध्या तासाने काढीन, पाय वर करून चांगली झटकीन आणि खिडकीला टांगीन. मामासारखं व्हायला नको. मामा आतून पार कुजला होता, दोन तुकडे झाले, केरात टाकावा लागला. जुळीही पाण्यातच आहेत. गप्प आहेत बिचारी!"

निरोप पाठवला आणि गुणगुणत बसलो.

थोड्या वेळाने कुठेतरी कर्रर्र आवाज झाला. मला वाटलं फ्रीज बिघडला. पुन्हा कर्रर्र! मी फ्रीजला जोरात म्हणालो, "गप रे!" खरं सांगतो, ती माझ्याच दाराची घंटा होती. इतक्या दिवसांत कोणी वाजवलीच नव्हती, तर ओळखणार कशी?

मग दारावर धाडधाड थापा पडल्या. "दार उघडा!"

"थांबा!" मी आतून ओरडलो. "आत्याला अजून दहा मिनिटं बुडू दे, मग येतो!"

यावर बाहेर जी किंकाळी उठली, ती ऐकून मी हातातलं टाकून धावलो. दार उघडलं. समोर खालच्या मजल्यावरचे कवायत-मास्तर, हातात क्रिकेटची बॅट! शाळेतून निवृत्त झालेत, पण अजून जिनाही तालात चढतात. त्यांच्यामागे तळमजल्यावरच्या शिवणकाकू, गळ्यात मापाची टेप, हातात भली मोठी कात्री. त्यांच्यामागे वॉचमन, फोन कानाला लावून.

"कुठेय ती?" मास्तर गरजले.

"कोण?"

"आत्या!"

"न्हाणीघरात," मी म्हणालो. घरी आलेला माणूस आपल्या आत्याची चौकशी करतो याचं मला बरंच वाटलं होतं.

मास्तर आत झेपावले. ओल्या फरशीवर त्यांचे दोन पाय दोन दिशांना गेले आणि ते थेट बादलीशी जाऊन बसले. बसल्या बसल्या त्यांनी इस्त्री भिरकावली, ताट भिरकावलं, पाण्यात हात घातला आणि आत्याला बटांना धरून वर काढलं.

आत्या ठिबकत होती.

"ही?" मास्तरांनी विचारलं.

"ही आत्या. आणि ती तळाशी आहेत ती जुळी."

शिवणकाकू हसत सुटल्या. इतक्या हसल्या की कात्री खाली ठेवून त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. वॉचमन मात्र हसला नाही. तो फोनकडे बघत म्हणाला, "साहेब, घोळ झाला. मी ताईंना कळवून बसलो."

"कोणत्या ताईंना?"

"तुमच्या मुलीला. म्हटलं, बाबांनी तुमच्या आत्याला बुडवलं."

"तुझ्याकडे तिचा नंबर कसा?"

"त्या करतात ना फोन. बाबा खाली उतरले का, भाजी आणली का, चेहरा कसा होता, असं विचारतात. म्हणतात, बाबांना विचारलं तर नुसतं मजेत सांगतात."

मी आत्याला मास्तरांच्या हातातून घेतलं आणि झटकायला लागलो. जरा जास्तच वेळ झटकलं.

मग मुलीला फोन लावला. लागेना! ती तेव्हा तिच्या खऱ्या आत्याशी बोलत होती. माझी बहीण धडधाकट, स्वतःच्या घरी पेपर वाचत बसलेली. आपल्याला भावाने बुडवल्याचं ऐकून ती म्हणाली म्हणे, "मला? त्याला नळ तरी सोडता येतो का!" शेवटी फोन लागला तेव्हा मागे गाडीची घरघर होती.

"बाबा, मी बसमध्ये आहे. तुम्ही काही करू नका. नुसते बसून राहा!"

"अगं, ते झाड होतं, झाड!"

"काय? काही ऐकू येत नाहीये! मी येतेय!"

आणि फोन कटला. पुन्हा लावायला हवा होता, मान्य! मी तिच्या खोलीतला पलंगपोस बदलला.

तोवर मंडळी बैठकीत बसली होती. मी चहा टाकला. कप दोनच धड निघाले, म्हणून वॉचमनला पेल्यात आणि मला वाटीत. मास्तर कंबर चोळत खिडकीपाशी टांगलेल्या आत्याकडे बघत होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "दर रविवारी तुमचा आवाज येतो खाली. हसणं, दटावणं. मला वाटायचं, तुमच्याकडे माणसं येतात. खूप माणसं."

"आणि?"

"आणि काय! हेवा वाटायचा." त्यांनी चहा संपवला आणि तालात जिना उतरून गेले. शिवणकाकूंना ब्लाउज द्यायचा होता, वॉचमनला फाटक सोडून चालणार नव्हतं. बैठकीत कप राहिले.

संध्याकाळी मुलगी आली. दारातच तिने माझे दोन्ही दंड धरले. "बाबा, आज वार कोणता?"

"रविवार."

"मी कोण?"

"माझ्या बहिणीची भाची."

तिने माझ्या खांद्यावरून खिडकीकडे पाहिलं. आत्या वाऱ्यावर हलत होती. मुलगी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. मी पाणी आणून दिलं. ती तीन दिवस राहिली. घरात दुसऱ्याच्या चपला असल्या की घर केवढं वेगळं दिसतं!

पहिल्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे राहायला."

"छे! माझं इथे काय अडलंय?"

दुसऱ्या दिवशी केस विंचरता विंचरता पुन्हा, "चला ना बाबा. एक खोली रिकामीच आहे."

"आणि जुळ्यांकडे कोण बघणार? वेडी कुठली! मी इथे मजेत आहे."

ती झोपायला गेली आणि मी विचार केला, झालं तेवढं पुरे. आता तिसऱ्यांदा म्हणाली की जरा आढेवेढे घ्यायचे आणि हो म्हणायचं. एकदम हो म्हटलं तर बरं दिसत नाही. सकाळी उठून मी चार सदरे घडी करून ठेवले. दाढी केली. जुळ्यांची सोय मास्तरांकडे होईल असंही मनाशी ठरवून टाकलं.

ती बॅग घेऊन दारात आली. मी तिच्यासमोर उभा राहिलो, नवरदेवासारखा! तिने चपला घातल्या. पदर नीट केला. खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, एक विचारू?"

"विचार की!" मी इतक्या घाईने म्हणालो की माझा मलाच ठसका लागला.

"तुम्ही तर काही ऐकायचे नाहीत. मग आत्याला नेऊ का माझ्याबरोबर? घरात कोणीतरी असल्यासारखं वाटेल."

काय सांगू तुम्हाला! चार सदरे आत पलंगावर घडी करून पडलेले, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"ने की! मजेत ने!"

बसच्या खिडकीशी बसून गेली आत्या, बटा उडवत. तिचं बरं आहे. तिला एकदाच विचारलं, आणि ती नाही म्हणाली नाही!