मेश्राम काकाजींच्या बॅटऱ्यांच्या तारखा

आमच्या गल्लीत संध्याकाळचे सहा वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. ट्यूबलाइट डोळा मारते, टीव्हीतली सासू बोलता बोलता आडवी होते, आणि माझ्या दुकानातलं झेरॉक्स मशीन कुणाचं तरी आधार कार्ड अर्धवट गिळून बसतं. पाठोपाठ समोरच्या घरातून आवाज येतो, "चट्!" पुन्हा सगळं मिचमिचतं. "चट्!"

गिऱ्हाईक हातातला कागद उलटसुलट करून विचारतं, "भैया, इसमें मेरी मुंडी कहाँ है?"

मी समोरच्या घराकडे बोट दाखवतो. गेल्या तीन-चार वर्षांत मेश्राम काकाजींनी अर्ध्या बालाघाटच्या मुंड्या खाल्ल्या आहेत.

काकाजी घरी बॅटऱ्या बनवतात. धंदा म्हणून नव्हे, हौस म्हणून. गोंदियाच्या भंगारवाल्याकडून मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या पोतं भरून आणायच्या, पेचकसानं फोडायच्या, आतले बोटाएवढे सेल बाहेर काढायचे, त्यातले जिवंत निवडायचे आणि निकेलच्या पातळ पट्टीनं एकमेकांना जोडून नवीन बॅटरी बांधायची. पट्टी सेलला चिकटवायचं यंत्र म्हणजे स्पॉट वेल्डर. हे यंत्र बाजारात तयार मिळतं, असं मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. तयार नातू विकत आणा म्हटल्यावर जसं पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांचं यंत्र घरचं आहे. कुणाच्या तरी जळक्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर, अंगठ्याएवढी जाड तांब्याची तार, आणि चालू-बंद करायला काकूंच्या मोटरवाल्या शिलाई मशीनचं पायडल. काकाजींनी पायडल दाबलं की पट्टीवर डाग बसतो आणि गल्लीचे दिवे खाली बसतात.

त्या पायडलवरून काकू अजून चिडलेल्या आहेत. पण त्या चिडतात भिलाईहून, व्हिडिओ कॉलवर. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. ते बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जातं. काकाजींना विचारलं तर ते म्हणतात, "येऊन राह्यली ना! दिवाळीले येऊन राह्यली." आणि काकू फोनवर म्हणतात, "पयले मायं पायडल जागेवर लावा, मंग येतो." पायडल काही जागेवर जात नाही, दिवाळ्या मात्र येतात आणि जातात.

काकाजी मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर होते. शिफ्टवर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या खिडकीसमोरून जायचा. रिटायर होऊन घरी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस ओट्यावर बसेल, विहारात जाईल, पेपर वाचेल. ओट्यावर ते बसले. आठ दिवस बसले. नवव्या दिवशी आमच्या वायफायचा बॅटरीवाला डबा उघडून त्यात डोकं घातलं, ते अजून बाहेर काढलेलं नाही.

त्यांच्या बोलण्यातही बॅटरीच शिरली. चार्ज झालेला सेल लगेच वापरायचा नाही, काही दिवस तसाच ठेवायचा आणि त्याचा दम टिकतो का ते पाहायचं. याला ते 'रेस्ट' म्हणतात. हा रेस्ट त्यांनी सगळ्या जगाला लागू केला. नळावर दोन बाया एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या, तर हे मध्ये जाऊन उभे. "गरम झाल्या दोघीबी. रेस्ट द्या, रेस्ट!" दोघींचं भांडण तिथल्या तिथे मिटलं आणि दोघी मिळून काकाजींवर तुटून पडल्या.

दुसरा शब्द 'मॅचिंग'. एका पॅकमधले सगळे सेल सारख्या ताकदीचे हवेत, नाहीतर कमजोर सेल बाकीच्यांना खाली ओढतो. एकेक सेल मीटरवर तपासून, त्यावर पेनानं आकडा लिहून, ते जोड्या जुळवत बसतात. मी एकदा छेडलं, "काकाजी, कुंडल्या पाहून राह्यले का?" तर म्हणाले, "आमच्यात माणसाची पाहत नाई. सेलची पाहा लागते." शेजारच्या पोरीच्या लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं आणि कानात सांगितलं, "शॉर्ट होऊ नोको देजो." नवरदेव उंचीनं जरा कमी होता. तो बिचारा जेवणाच्या पंगतीपर्यंत बोलला नाही.

बॅटरी मात्र ते कुणालाही देतात. हट्टा गावच्या एका शेतकऱ्याला फवारणीच्या पंपाला बसवून दिली. किरनापूरच्या पानठेलेवाल्याला ठेल्याच्या दिव्यासाठी दिली. गल्लीत तर घरटी एक. माझ्या दुकानात लाइट गेल्यावर पंखा आणि दिवा चालतो तो त्यांच्याच बॅटरीवर. किंमत विचारली तर हात जोडतात. "पैसे-गियसे काही नाई जी. एकच गोठ, तपासणी चुकली नाई पाह्यजे."

ही तपासणी म्हणजे सगळ्यांच्या गळ्यातलं लोढणं. बॅटरी हातात देताना काकाजी आवाज खाली आणायचे. "पाह्य दिलीप, हे काही टॉर्चचे सेल नोहोत. याच्या पोटात आग झोपून हाय. महिन्यात एक डाव माह्या मीटरखाली आली पाह्यजे. नाई आली, तं माह्यी जबाबदारी नाई." मग प्रत्येकाला एक तारीख मिळायची. माझी सात. तारीख चुकली की आठला सकाळी काकाजी दुकानाच्या पायरीवर हजर. "जिवंत हा ना सगळे?"

त्यामुळे मी दर सातला कापडी पिशवीत बॅटरी घालून, ती अंगापासून हातभर लांब धरून, रस्ता ओलांडायचो. तपासणीला एक मिनिट लागायचं. मीटरच्या दोन तारा टेकवायच्या, आकडा पाहायचा, "हूं" म्हणायचं. त्यानंतर चहा. हा चहा म्हणजे साखरेचा पाक, त्यात चहापत्तीचा नुसता संशय. तो पिईपर्यंत चौकशी. पोरगी काय शिकून राह्यली, बापूच्या गुडघ्याचं काय झालं, शोभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, चष्मा बनला का, दुकानात ते लालबर्र्याचे मास्तर येतात का अजून. दुकान उघडं टाकून आलेलो मी, घड्याळाकडे पाहत हूं-हूं करायचो. तपासणी एक मिनिट आणि जबानी पाऊण तास!

असं सुरळीत चालू होतं. मग माझा साळा नितीन नागपूरहून पाहुणा आला.

नितीन ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांचं काम करतो. नेमकी सात तारीख होती. मी पिशवी घेऊन निघालो तर म्हणाला, "भाऊजी, हे काय अस्थी घेऊन चालल्यासारखे चालले?" मी तपासणीचं सांगितलं. त्यानं बॅटरी उलटसुलट पाहिली आणि खो-खो हसला. "याच्यात छोटं सर्किट बसवलंय. जास्त चार्ज झाली तर तेच बंद करते, कमी झाली तरी तेच. बांधलीपण एकदम फर्स्ट क्लास आहे. याले महिन्याच्या महिन्याले काय तपासाचं? म्हाताऱ्यानं तुम्हाले येडं बनवलं!"

माझं डोकंच फिरलं. इतके महिने मी दुकान सोडून तो पाक पीत होतो, तो कशासाठी? शोभानं दुपारपर्यंत गल्लीत सांगितलं. मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानात ठेवलेली बातमी दोन दिवसांत किरनापूरला पोचते. पानठेलेवाला फोनवर ओरडला, "भाऊ, मी बस पकडून येतो हो तिकडून! ठेला बंद ठेवून!" ठरलं, रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं आणि बॅटऱ्या काकाजींच्या दारात ठेवून विचारायचं, हा काय तमाशा आहे? पुढारी अर्थात मी. तोंड कुणाचं मोठं, हे गल्लीला माहीत आहे.

रविवारी सकाळी काकाजींच्या ओट्यावर माणसंच माणसं. प्रत्येकाच्या हातात पिशवी. तिथं उभं राहिल्यावर एक गंमत लक्षात आली. इतक्या दिवसांत यातला कुणी कुणाला इथं भेटलाच नव्हता. मी हट्टेवाल्याला विचारलं, "तुमची तारीख?" तो म्हणाला, "बारा." पानठेलेवाला एकोणीस. समोरची लताबाई तीन. मागच्या गल्लीतला शिंपी सव्वीस. एकाची तारीख दुसऱ्याला लागून नव्हती. मला वाटलं, यातही काही मॅचिंग असेल.

काकाजी दारात आले. एवढी माणसं पाहून चेहरा असा फुलला की विचारू नका. "अरे बाप्पा! बसा, बसा जी! खुर्च्या काढतो. कप पुरतीन का नाई कोन जाणे..." आणि आत पळाले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. बोल ना आता! मी त्यांच्या मागे आत गेलो.

आत टेबलावर यंत्र, बाजूला सेलांच्या रांगा. काकाजी वाकून पलंगाखालून कपांचा खोका ओढत होते. मी तोफ डागली. "काकाजी, नितीननं सांगतलं मले. तपासाची काही गरज नाई. खोटं बोलले तुम्ही आमच्यासोबत. लोक किरनापूरवरून येऊन राह्यले. काहून केलं असं?"

ते खोका तसाच सोडून पलंगावर बसले. मला वाटलं होतं, भांडतील. व्होल्टेज काढतील, अँपिअर काढतील.

"हौ," ते म्हणाले. "खोटं बोललो."

आता यावर काय भांडणार? तरी मी जोर लावला. "बरं, बोलवाचंच होतं तं सगळ्यांले एका दिवशी बोलवाचं. हा एक सातले, तो एक बाराले, हे काय लावलं?"

"एकाच दिवशी सगळे येऊन गेले," काकाजी म्हणाले, "तं बाकीच्या दिवशी मी काय करू बे?"

मी त्यांच्याशेजारी पलंगावर टेकलो.

"खिडकीवर होतो तं दिवसाले शेकडो माणसं बोलायची माह्यासंग. कोनी शिव्या द्यायचा, कोनी बायकोचं सांगायचा. रिटायर झालो, तं इथं ओट्यावर बसलो. सगळे नमस्कार करून पुढं चालले जाती. चांगले लोक हाय, वाईट नाई म्हणत. पण थांबाचं कोनाले काही कारण नोहोतं ना! तुह्या काकूचा फोन येते, तो बी नातू बंद करून देते. मंग तुले पयली बॅटरी बनवून देल्ली. दुसऱ्या महिन्यात तू आपल्या मनानं पुसाले आला, काकाजी, बरोबर हाय ना, फुटणार तं नाई? अर्धा घंटा बसला. मले लय बरं वाटलं दिलीप. म्हटलं, हे बरं हाय." ते उठले, खोका पुन्हा ओढला. "जाऊ दे. जा, सांगून दे सगळ्यांले. तपासणी बंद म्हणा. चहा पिऊन जा म्हणा फक्त."

राग आला होता आणि तो कुणावर काढायचा हेच कळेना. मी आयुष्यभर समोर राहिलो या माणसाच्या. दहा पावलांचा रस्ता, आणि मी तो ओलांडावा म्हणून त्यांना मला भीती दाखवावी लागली!

मी बाहेर आलो. काकाजी माझ्या मागे दारात, हातात कप. सगळे उभे राहिले. "काय म्हणते बुढा?" पानठेलेवाल्यानं विचारलं. शोभा कमरेवर हात ठेवून पुढेच होती.

माझं तोंड मोठं आहे हे मी वर सांगितलंच. ते आपोआप उघडलं.

"नितीनले काही समजत नाई," मी म्हणालो. "ते ई-रिक्षाचं वेगळं असते. काकाजींनी मले सगळं उघडून दाखवलं. तपासा लागतेच. आणि या गरमीत महिन्यात एक डाव भागत नाई. दोन डाव आणा लागते."

"दोन डाव?" शिंपी ओरडला. "मरा आता!"

मी शोभाकडे पाहिलं. भाऊ तिचा होता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या मागे दारात कप धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हौ जी, नितीन लहानपनापासूनच तसा हाय. अर्धवट." लग्नाला वीस वर्षं झाली, माहेरच्या माणसाबद्दल ती असं पहिल्यांदा बोलली.

लोक कुरकुरत पुन्हा बसले. काकाजींनी कप खाली ठेवले, मीटर आणलं, हट्टेवाल्याची बॅटरी मांडीवर घेतली आणि दोन तारा टेकवल्या. मी वाकून पाहिलं. लाल तार लालच्या जागी हवी, काळी काळीच्या. उलट लावल्या की मीटर आकड्याच्या आधी वजाची खूण दाखवतं. मीटरवर वजाची खूण होती. काकाजींनी डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून मान अगदी खाली घातली होती.

"कसं हाय जी?" हट्टेवाल्यानं विचारलं.

"बेस," काकाजी म्हणाले. "एकदम बेस हाय. बसा, घाई काय हाय?"