उजवीकडे काही नाही

शेजारच्या कोलेतबाई उजवीकडे वळत नाहीत. अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या बिल्डिंगचा कॉरिडॉर फिरून पुन्हा जिथल्या तिथे येतो. त्यांच्या उजवीकडे माझं दार आणि लगेच लाँड्री. आठ पावलं. पण बाई बास्केट घेऊन डावीकडे निघतात, बावीस दारांना वळसा घालून लाँड्रीत उगवतात. बास्केट नसली की हात पाठीमागे, कंबरेत वाकलेल्या. कॉपी पकडायला निघालेल्या हेडमास्तरांसारख्या.

मी इथे लेकीकडे आले तेव्हा अवघी बासष्टची होते. वयानं लहान, अकलेनं त्याहून. मला वाटलं, बाई माझ्या फोडणीला कंटाळून दार टाळतात. मी हिंग बंद केला. तीन महिने घरात बिनफोडणीचं वरण. लेक म्हणायची, आई, तू फार ओव्हरथिंक करतेस. पण परतताना बाई माझ्याच दारावरून जायच्या, वर हसायच्या. म्हणजे राग होता की नव्हता?

शेवटी चहाला बोलावून विचारलंच. माझं इंग्लिश साताऱ्याचं, त्यांचं फ्रान्सचं. कळलं ते इतकं: बाई फ्रान्सच्या टीममध्ये स्पीड स्केटिंग करायच्या. त्यात बर्फावर गोल गोल धावायचं, तेही कायम डावीकडे वळत. पायांना आता दुसरं वळण ठाऊक नाही.

"उजवीकडे काही नाही, मादाम," त्या म्हणाल्या. हे त्यांचं लाडकं वाक्य. उजवीकडे मी राहते, हे मी चहाबरोबर गिळलं.

अकरा वर्षं त्या टीममध्ये होत्या, पण राखीव. रोज पहाटे सराव करायचा आणि कोणी आजारी पडतंय का बघायचं. बाकीच्या मेल्या धडधाकट. एकदाच शर्यत मिळाली. तिचं काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही. कधी त्या वळणावर पडतात, कधी तिसऱ्या येतात, एकदा तर दिवेच गेले. मी दर वेळी मान डोलावते. मग बाईंनी इकडे अमेरिकेत येऊन पोरांना स्केटिंग शिकवलं, गुडघे गेल्यावर तेही संपलं.

मागच्या हिवाळ्यात मी दारातच घसरून पडले. लेक ऑफिसात. "आई गं" म्हणेपर्यंत कोलेतबाई माझ्याजवळ, माझा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या. घोटा ठणकत होता, पण माझं डोकं भलतीकडेच.

"बाई, तुम्ही उजवीकडे वळून आलात."

त्यांनी माझ्या घोट्याभोवती आपला रुमाल बांधला. मग हळूच म्हणाल्या, "येतं मला वळता. पण आठ पावलांत लाँड्री आली, तर उरलेल्या दिवसाचं काय करू, मादाम?"

पाय आता बरा आहे. हिंगही परत आलाय. वरणाची एक वाटी शेजारी जाते. लाँड्रीला आम्ही दोघी जातो, डावीकडून. दारादारांत थांबत, त्या शर्यतीचा नवा शेवट ऐकत. परवा एका फेरीला पाऊण तास लागला.

बास्केटमध्ये एकच टॉवेल होता. तोही धुतलेला.