पिकलरावांचं कॅल्शियम

आमचे शेजारी भालेराव रातकिड्यांना गाजर किसून घालायचे. त्यासाठी किसणी वेगळी, ताटली वेगळी. गाजर आणि ओट्स खाऊन किडे दिवसभर चांगले पोसले, की भालेराव त्यांना एका पिशवीत घ्यायचे, वर चिमूटभर कॅल्शियमची पावडर टाकायचे आणि शेंगदाण्यांना मीठ लावावं तशी पिशवी हलवायचे. मग ते पांढरेफटक किडे एकेक करून चिमट्याने पालीला भरवायचे.

हो, पालीलाच. साताऱ्याला आमच्या घरी पाल दिसली की आई केरसुणी घेऊन धावायची, आणि अंगावर पडलीच तर डोक्यावरून आंघोळ. देश सोडून इथे टूनगॅबीत घर घेतलं तेव्हा शेजारी मराठी माणूस आहे म्हणून माझी बायको खूश झाली होती. त्या माणसाने पहिल्याच भेटीत चहाच्या आधी पाल दाखवली. काचेची पेटी, एका बाजूला ऊब देणारी चटई, आत वाळू आणि दगड. दगडाखालून तपकिरी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, गाजराएवढ्या जाड शेपटीची पाल बाहेर आली आणि माझ्याकडे बघून भुंकली. खरंच भुंकली.

"घाबरू नका," भालेराव म्हणाले. "पिकलराव पाहुण्यांशी असंच बोलतात."

पिकल हे नाव त्यांच्या मुलीने, ईशाने ठेवलेलं. राव भालेरावांनी जोडलं. शाळेत असताना ईशाला नेटवर बघितलेली लेपर्ड गेको जातीची पाल हवी होती. ती परदेशी, इथे पाळायला बंदी. मग रीतसर लायसन्स काढून ही इथलीच, तशाच जाड शेपटीची घेतली. पुढे भालेरावांच्या पत्नी वारल्या, ईशा नोकरीसाठी पर्थला गेली, आणि तीन बेडरूमच्या त्या घरात भालेराव आणि पिकलराव असे दोघेच उरले.

भालेराव बिस्किटांच्या फॅक्टरीच्या लॅबमधून रिटायर झालेले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पोट भरणं वेगळं आणि पोसणं वेगळं." हे ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसून म्हणायचे, बार्बेक्यूला सॉसेजकडे बघून म्हणायचे. पावडरीचा तर त्यांनी तक्ता केला होता. सोमवारी, बुधवारी साधं कॅल्शियम, शनिवारी डी-थ्री असलेलं. कॅल्शियम कमी पडलं तर पालीचा जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, हे त्यांनी माझ्या बायकोला ओळखीतल्या एका साखरपुड्याच्या जेवणात सांगितलं. दर महिन्याच्या एक तारखेला ते शिंप्याच्या टेपने पिकलरावांच्या शेपटीचा घेर मोजायचे. खाल्लेलं अंगी लागलं की ते शेपटीत साठतं म्हणे.

आता माझं सांगतो. मी इथे स्टुडंट म्हणून आलो, भांडी घासली, टॅक्सी चालवली, आणि आज माझं स्वतःचं ग्रोसरीचं दुकान आहे. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही. होलसेलवाल्याशी मी तांदळाच्या पोत्यावरून अर्धा तास घासाघीस करतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या माझ्या दुकानात, शनिवारच्या गर्दीत, भालेरावांनी एकदा चष्मा कपाळावर चढवून माझ्या मल्टिग्रेन आट्याचं लेबल मोठ्याने वाचलं. आणि म्हणाले, "शिर्के, यात मैदा आहे हो. हे नुसतं पोट भरणारं." तीन गिऱ्हाइकांनी हातातल्या पिशव्या परत ठेवल्या. मी त्यांना सगळ्यांसमोर खूप बोललो. पालीला भरवता तेवढी अक्कल माणसांशी वागताना वापरा, असंही म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि कोथिंबीर घेऊन गेले. तो राग मी पुढे वर्षभर जपला.

त्यामुळे त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि ते किल्ली घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. सहा दिवसांचा प्रश्न होता. सोबत दीड पानाची यादी, शेवटी ठळक अक्षरांत: पावडरीऐवजी दुसरं काही देऊ नये.

"ईशा रविवारी फोन करते," ते दारात उभं राहून म्हणाले. "पिकलरावांचंच विचारते. म्हणजे, आमचं बोलणं तेवढंच असतं. तिची आई गेल्यावर जरा... तर तेवढं सांभाळा."

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून पावडरीचा डबा सिंकमध्ये पडला. सगळी पावडर ओली झाली. ती जिथे मिळते त्या दुकानात मी गेलो, किंमत बघितली आणि माझं डोकं फिरलं. मूठभर पांढऱ्या भुकटीला एवढे? काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, काहीतरी कमी कर. ती म्हणाली, "सॉरी मेट, फिक्स्ड प्राइस." मी हात हलवत परत आलो.

आणि मग मला माझी हुशारी सुचली. लहानपणी हाडं मजबूत व्हावीत म्हणून आई आम्हाला ताकातून गव्हाच्या दाण्याएवढा पानाचा चुना द्यायची. चुना म्हणजे कॅल्शियमच. दुकानात चुन्याच्या डब्यांवर डब्या पडलेल्या. एका डबीतला चुना मी तव्यावर वाळवला, चुरला, भालेरावांच्या डब्यात भरला आणि यादीत लिहिल्याप्रमाणे किड्यांना लावला. आईने दाणाभर चुना भांडंभर ताकात कालवलेला असायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मनात एवढंच होतं की हा लॅबवाला परत आला की एक दिवस त्याला ऐकवायचं: तुमची महागडी पावडर आणि माझी डबी, पालीला फरक कळला का?

पालीला कळला. दुसऱ्या दिवशी तिने किडा तोंडात धरला आणि टाकला. मग खाणंच थांबवलं. भालेराव परत आले तेव्हा मी सांगितलं, सगळं यादीप्रमाणे झालं.

ऑपरेशनमुळे त्यांना गाडी चालवायची नव्हती, म्हणून व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, मीच घेऊन गेलो. ते मागच्या सीटवर, मांडीवर हवेसाठी भोकं पाडलेला आइस्क्रीमचा डबा, वर त्यांचा स्वेटर. निघण्यापूर्वी त्यांनी स्वयंपाकघरातला पावडरीचा डबा उघडून बघितला होता. ओल्या बोटावर चिमूट घेतली, थोडा वेळ बोट तसंच धरलं आणि नळाखाली धुतलं. चाळीस वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस. मी दारात उभा होतो. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

व्हेट उंच, शांत बाई होती. तिने अलगद पालीचं तोंड उघडलं आणि आतल्या पांढऱ्या भाजल्याच्या खुणा दाखवल्या. हे कशामुळे, म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं. माझ्याकडे दोन कारणं तयार होती, दोन्ही खोटी.

"मी केलं," भालेराव इंग्रजीत म्हणाले. "पावडर संपली होती. आम्ही पानात खातो तो चुना वापरला. माझी चूक."

व्हेट त्यांना बरंच बोलली, तिच्या सौम्य पद्धतीने. एवढा अभ्यास करणाऱ्या माणसाने असं कसं केलं, म्हणाली. भालेराव मान खाली घालून ऐकत राहिले. मी भिंतीवरचं सशांचं पोस्टर वाचत होतो.

चार दिवस ते ड्रॉपरने पाणी पाजत होते. पाचव्या दिवशी मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली त्यांनी खड्डा खणला. टाके ताजे, खणू नका, म्हणून मी फावडं मागितलं. दिलं नाही.

मी भांडणाची वाट बघत होतो. शिव्या द्याव्यात, मंडळात सांगावं, मीही काही बोलेन, होऊन जाईल हिशेब चुकता. तसं काहीच झालं नाही. दुकानात आले, कोथिंबीर घेतली, गेले. आयुष्यात मला कुणी न मागता काही सोडलेलं नव्हतं, आणि या माणसाने एवढं सोडलं. ते घेऊन काय करायचं हेच मला कळेना.

शेवटी एका रविवारी दुपारी, इथल्या भाषेत आर्व्होला, मी कबूल करायचं ठरवून त्यांच्या पॅटिओच्या दाराशी गेलो. आतून आवाज येत होता.

"आज तीन खाल्ले," भालेराव सांगत होते. "हो, पावडर लावूनच. शेपटीचा घेर तेवढाच आहे."

फोन रिकाम्या पेटीला टेकवून ठेवलेला, स्पीकरवर. पेटीखालची चटई अजून चालू होती. तिचा छोटा लाल दिवा दिसत होता. मला बघून ते थांबले. कोण आलंय, ईशाने विचारलं. शिर्के काका, ते म्हणाले.

"हाय काका! इज ही रिअली ईटिंग? बाबा काहीही सांगतात."

भालेरावांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत, त्या किल्लीनंतर, त्या माणसाने माझ्याकडे दुसऱ्यांदा काही मागितलं होतं.

"खातो ना," मी म्हणालो. "मी आलो तर भुंकला माझ्यावर."

ती हसली.  

"अँड बाबा?" तिने विचारलं. "बाबा जेवतात ना, काका? नीट?"

भालेराव पेटीकडे बघत राहिले. ओट्यावर ब्रेडची पिशवी अर्धी उघडी होती आणि तिच्या शेजारी गाजराची किसणी, धुवून पालथी घातलेली.

"रविवारी आमच्याकडे असतात जेवायला," मी म्हणालो. "दर रविवारी."

तोपर्यंत ते आमच्याकडे एकदाही जेवलेले नव्हते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, चला. चपला शोधायला त्यांनी बराच वेळ लावला.

बायकोने ऐन वेळी पिठलं टाकलं. बेसन माझ्याच दुकानातलं, म्हणजे आता ते वाक्य येणार म्हणून मी तयार होतो. ते खाली बघून जेवत राहिले. दुसरी भाकरी वाढताना माझ्याने राहवेना.

"भालेराव, तो चुना..."

त्यांनी ताटावरून नजर न उचलता हलकेच मान हलवली. नको, अशी.

"मीठ द्या जरा," ते म्हणाले.

मी दिलं.