वानखेडे भाऊंची लिंक

कोणी बाजारातून काही नवीन आणलेलं दिसलं की वानखेडे भाऊंचा चेहरा पडायचा.

"कावून आणलं, वहिनी? मले सांगितलं असतं, लिंक पाठवली असती!"

भाऊ आमचे शेजारी. भिलाईच्या पोलाद कारखान्यात रोलिंग मिलमध्ये नोकरी झाली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून उतईच्या रस्त्याला घर बांधलं आणि एक वेबसाइट काढली. तीही छत्तीसगडात राहून मराठीत.

"सोपं आहे," ते समजावायचे. "मी वस्तू वापरून पाहतो, चांगलं-वाईट लिहितो, खाली लिंक देतो. लिंकमध्ये माझी खूण राहते. कोणी तिथून गेलं अन् घेतलं, तर कंपनीले समजते का गिऱ्हाईक वानखेडेनं पाठवलं. तुमाले एक रुपया जास्त पडत नाही, मले कमिशन भेटते."

त्यांचं मन राखायला मी मिक्सरची लिंक मागितली. पानावर लिहिलं होतं, 'हा मिक्सर फार ओरडतो. शेजाऱ्यांशी पटत नसेल तरच घ्या.' इस्त्रीबद्दल, 'चांगली आहे. पण घरातली चालत असेल तर नवीन कशाला?'

"भाऊ, असं वाचून कोण घेईल?"

"कोणीच नाही घेत," ते उदासपणे म्हणाले. "पण खोटं कसं लिहू? लोक भरोसा ठेवून वाचून राहिले ना."

मग सुमनताईंना, त्यांच्या बायकोला, लकवा मारला. एक अंग गेलं, बोलणं गेलं. भाऊंच्या वेबसाइटवरून मिक्सर-इस्त्री मागे पडले आणि व्हीलचेअर, नळीचा कप, हवेची गादी आली. 'या गादीचा पंप घरघर करतो. करू द्या. पडून पडून आमच्या हिच्या पाठीला अजून एकही जखम झाली नाही.'

हे पान मात्र लोकांनी वाचलं. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं, ते गोंदिया-भंडाऱ्याहून प्रश्न विचारू लागले. लिहून समजत नाही म्हणून भाऊंनी आपला फोन नंबरच देऊन टाकला. कमिशनही येऊ लागलं. ते त्यांनी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

थंडीत सुमनताई गेल्या. भाऊंनी नवीन काही लिहिलं नाही. विक्री थांबली, तसं कंपनीने त्यांचं खातं बंद केलं. आता लिंकवर कोणी गेलं तरी त्यांना काही मिळणार नव्हतं. मला वाटलं, वेबसाइटही बंद करतील.

एका दुपारी मी भाजी घेऊन गेले, तर भाऊ फोनवर होते. स्पीकरवर एका बाईचा रडवेला आवाज.

"दर दोन तासांनी कूस बदला," भाऊ सांगत होते. "गुडघ्यांमधात उशी ठेवा. अन् ताई, तुमी बी जेवत जा."

"भाऊ, तुमच्या घरच्या आता कशा आहेत हो?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली.

"बरी आहे," ते म्हणाले. "आताच जेवून झोपली. तुमचे मालक बी होतील बरे."

त्यांनी फोन ठेवला.

"तिचा नवरा पडून आहे, वहिनी. तिले कसं सांगू?"

मी भाजीचा डबा ठेवला. तो भांड्याला लागून जरा वाजला. भाऊ चटकन उठले आणि त्यांनी सुमनताईंच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.