सगळं करणारं खेळणं

नातीसाठी खेळणं मी निवडीन, असं मी बायकोला, नोलाला म्हणालो आणि तिथेच सगळं बिघडलं. आयुष्यभर मी मेंढ्यांची लोकर कातरली. त्या कामात तोंड उघडत नाहीत, उघडलं तर आत लोकर जाते. तीच सवय घरात पाळली असती तर आज सुखात असतो.

त्याचं असं झालं. आमची मुलगी ब्रोन्विन बाळंतपणाची रजा संपवून हॉस्पिटलात परत कामाला लागणार होती. नातीची, विनीची, बाकीच्या दिवसांची सोय पाळणाघरात झाली होती, गुरुवार तेवढा मोकळा होता. त्या गुरुवारावर दोन घरांचा डोळा. एक आमचं, आणि दुसरं जावयाच्या आईचं, म्हणजे ग्वेंडाचं. ग्वेंडाने जन्मभर बालवाडी चालवली. पोर शिंकलं तरी त्यातून त्याला काहीतरी शिकवल्याशिवाय ती सोडत नाही. माझी शाळा फार लवकर सुटली (मी सोडली, असं मी सांगतो, मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं).

विनी दहा महिन्यांची. मला पाहिलं की ती माझ्या नाकाकडे अशी बघते, जसं काही हे इथे कोणी आणून ठेवलं. आठवड्यातून एक अख्खा दिवस तिने तसं बघत बसावं, एवढंच मला हवं होतं.

ब्रोन्विनने स्वयंपाकघरात माझी मुलाखत घेतली.

"बाबा, तुझ्या घरी तिला करण्यासारखं काय आहे?"

"मी आहे."

"ते सोडून."

"कोंबड्या आहेत."

"बाबा, ग्वेंडाकडे खेळण्यांची अख्खी खोली आहे. तू निदान एक तरी आण. एकच, पण सगळं करणारं. बसून खेळता येईल, धरून उभं राहता येईल, हाताला काम, कानाला काम, डोळ्याला काम..."

"म्हणजे कुत्रा," मी म्हणालो.

ती हसली नाही. "बुधवारी येते बघायला. मग गुरुवारचं ठरवू," म्हणाली आणि गेली.

आम्ही मोठ्या गावातल्या दुकानात गेलो. तिथे बाळाच्या खेळण्यांनी भिंतीच्या भिंती भरलेल्या. मी हळू वाचतो, म्हणून नोला खोक्यावरचं मोठ्याने वाचत होती.

"हाताची पकड सुधारते. कशामुळे काय होतं ते कळू लागतं. आत्मविश्वास वाढतो."

"कोणाचा?"

"दुकानदाराचा," नोला म्हणाली. "सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत चालतं म्हणे."

आमच्या लहानपणी या वयाला चिखल होता. त्याला वयाची अट नव्हती, तो संपतही नव्हता, आणि मी हुशार आहे असं त्याने मला कधी सांगितलं नाही. इथे एक प्लास्टिकचं टेबल होतं. पाय लावले की टेबल, काढले की पाटी, उलटं केलं की ढकलगाडी. तिन्ही कामं करायचं आणि तिन्ही वाईट करायचं. आमच्या लोकर कातरायच्या शेडवर असा एक गडी होता. त्याला शेवटी चहा करायला लावला, तर तोही वाईट. नोलाने त्या टेबलाचं बटण दाबलं. टेबल बायकी आवाजात म्हणालं, "शाब्बास, तू किती छान आहेस."

नोला माझ्याकडे बघत राहिली. "संसाराला इतकी वर्षं झाली, तू हे कधी म्हणालास?"

ते टेबल अर्थातच घेतलं नाही.

"असला माल विकत कशाला घ्यायचा?" मी म्हणालो. "गावात खेळण्यांची लायब्ररी आहे ना. न्यायचं, पोर कंटाळलं की परत द्यायचं. मी निवडून आणतो."

"तू?" नोला म्हणाली. तिने त्या एका अक्षरात जेवढा तिरस्कार भरला, तेवढा लोकांना पानभर लिहूनही भरता येत नाही.

ही लायब्ररी फुटबॉलच्या मैदानाशेजारच्या हॉलमध्ये आहे. बुधवारी दुपारी तिचं दार उघडं दिसलं, म्हणून मी आत गेलो. खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक आणि चहाचं मोठं भांडं. मी तिथेच पाय मागे घ्यायला हवा होता. आमच्याकडे फुकट केक दिसला की समजावं, कुठल्यातरी मंडळाची वार्षिक सभा आहे.

"क्लॅरी, देवासारखा आलास," शॅरेल म्हणाली. ही लायब्ररीची सेक्रेटरी. "सभेला सात माणसं लागतात, आम्ही सहाच आहोत. बसतोस का? झालं की हवं ते खेळणं ने."

बसलो. बसण्यात माझी हयात गेलेली नसली तरी म्हातारपण छान चाललं आहे. शिवाय वार्षिक सभेची मला भीती नव्हती. आमच्या गावात मूल चालायच्या आधी एक गोष्ट शिकतं: सभेत अध्यक्षपदाचा विषय निघाला की खाली बघायचं, हात मांडीखाली घालायचे आणि श्वास जपून घ्यायचा. या विद्येच्या जोरावर मी फुटबॉल क्लब चुकवला, वणवा विझवणाऱ्यांचं मंडळ चुकवलं, स्मशानाची कमिटी चुकवली (तिथे शेवटी जाणं आहेच, पण कामाला नाही). बाकीचे लोक मला कच्चे वाटतात. त्या लायब्ररीची एक बाई अध्यक्षपद सुटावं म्हणून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला राहायला गेली. तिचा राजीनामा तिथून आला, पण मंजूर व्हायला पुढच्या वार्षिक सभेपर्यंत थांबला. मी असतो तर नुसतं खाली बघितलं असतं.

तर मी अगदी मागे, खेळण्यांच्या फळीजवळची खुर्ची धरली आणि शॅरेल मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचून दाखवत असताना निवडीला लागलो. हाताला एक लाकडी पेटी आली. दणकट, चारी बाजूंनी कामाची. एकीकडे तारेवरून सरकणारे मणी, एकीकडे फिरणारी दातेरी चाकं, एकीकडे छोटी दारं, आणि चौथ्या बाजूला भोकं, त्यातून लाकडाचे तुकडे आत टाकायचे. वर एक कळ, ती फिरवली की गाय हंबरते. पोराने धरून उभं राहावं एवढी उंची. ब्रोन्विनला जे जे हवं ते सगळं यात होतं. मी मनातल्या मनात ग्वेंडाच्या त्या अख्ख्या खोलीला टाळं लावलं.

पण पेटी हलवली तर आत काहीतरी खुळखुळत होतं. तुकडा अडकला असणार. मी गोल भोकातून हात घातला. हात आत गेला तो अगदी सहज. तुकडा सापडला, मुठीत धरला. मूठ बाहेर येईना. तुकडा सोडला, तरी हात येईना. मनगटाचं हाड आत जाताना माझ्या बाजूने होतं, येताना पेटीच्या बाजूला गेलं.

त्याच वेळी पुढे शॅरेल म्हणाली, "आता अध्यक्षपद."

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की चहाच्या भांड्याला उकळायची लाज वाटली. पाचही बायका जमिनीकडे बघत होत्या. एकीने कोरड्या बाळाचा लंगोट बदलायला घेतला. मी हात ओढला. कळ फिरली आणि गाय हंबरली. मी घाबरून अजून जोरात ओढला. मांडीवरून पेटी घसरायला लागली, म्हणून ती सावरायला मी हात उचलला. ज्या हाताने उचलला, तो हात पेटीतच होता.

"क्लॅरी," शॅरेल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "थँक यू."

"अगं, मी हात वर नाही केला. हात वर गेला."

"तसं लिहिता येत नाही. अनुमोदन?"

पाच हात वर गेले. दारूच्या दुकानात फुकट बिअर वाटली तरी आमच्या गावात हात इतक्या चपळाईने वर जात नाहीत. टाळ्या झाल्या. मग हॉल रिकामा झाला, केकसकट. निवडून आलेल्या माणसाला पुन्हा बोलायची संधी मिळू नये, म्हणून आमच्याकडे असंच पळतात. पळणाऱ्यांत शॅरेल पहिली.

घरी गेलो, तर ओट्याशी ब्रोन्विन, तिच्या कडेवर विनी, आणि खुर्चीत ग्वेंडा. (ती सहज आली होती. ती नेहमी सहजच येते.)

नोलाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला खेळणं आणायला सांगितलं होतं. घालून यायला नाही."

"आमच्या वेळी आम्ही खेळणं जमिनीवर ठेवत असू," ग्वेंडा म्हणाली. "ही नवी पद्धत आहे का, क्लॅरी?"

मी गुडघे कुरकुरवत खाली बसलो आणि पेटी गालिच्यावर टेकवली. ब्रोन्विनने विनीला कडेवरून खाली सोडलं आणि ती रांगत आली. तिने मणी सरकवले. चाक फिरवलं. छोटं दार उघडलं, आत माझी बोटं वळवळताना दिसली, तेव्हा ती अशी काही हसली की नोलाचं माझा हात सोडवायला लोणी आणायचं राहून गेलं. दार लावलं, पुन्हा उघडलं, बोटं तिथेच. मग तिने पेटीची कड धरली, ढुंगण वर केलं, आणि डुलत डुलत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

ग्वेंडाने चष्मा काढून पुसला.

"बाबा," ब्रोन्विन म्हणाली, "गुरुवार तुझा."

मी मान वळवून खिडकीबाहेर कोंबड्यांकडे बघितलं. कातरकामातला माणूस इतरांच्या देखत रडत नाही. एक हात पेटीत होता आणि दुसऱ्याने ती विनीसाठी धरून ठेवली होती, नाहीतर डोळे पुसले असते.

तेवढ्यात दारात शॅरेल उभी. हातात भली मोठी किल्ली.

"अध्यक्षांकडे द्यायची राहिली," ती म्हणाली. "लायब्ररी गुरुवारी उघडायची. सकाळी आणि दुपारी. झाडून घ्यायचं, खेळणी पुसायची, हरवलेले तुकडे शोधायचे."

"कुठल्या गुरुवारी?" मी विचारलं.

"कुठल्या म्हणजे? सगळ्या."

"मी राजीनामा देतो."

"दे ना. पुढच्या वार्षिक सभेत घेऊ." मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. खाली वाकली, पेटीच्या तळाची एक कडी बोटाने सरकवली. तळ उघडला, समोरची भोकांची फळी सुटी होऊन दोन तुकड्यांत वेगळी झाली, आणि माझा हात गालिच्यावर पडला. "तुकडे काढायला ही कडी आहे. दोन वर्षांची पोरं उघडतात."

"मग सभेत का नाही सांगितलंस?"

"मतदान चालू होतं," शॅरेल म्हणाली.

ब्रोन्विनने कपाळाला हात लावला. नोला एकटी रांगत्या पोरामागे धावू शकत नाही, तिचा कंबरेचा त्रास सगळ्यांना ठाऊक. ग्वेंडाने चष्मा परत चढवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मी येत जाईन इकडे, नोलाच्या मदतीला. क्लॅरीची खुर्ची रिकामीच असेल."

पहिल्याच गुरुवारी मी हॉलमध्ये फडकं घेऊन बसलो होतो. पाच-सहा आया, त्यांची पोरं, सगळीकडे प्लास्टिक. अकराच्या सुमाराला नोला आणि ग्वेंडा विनीला घेऊन आल्या. मला हसू आवरेना. विनी माझ्याकडेच रांगत आली, सगळी खेळणी ओलांडून. तिने माझा हात धरला. अंगठा पिरगाळला. करंगळी ओढली. मधल्या बोटाचं पेर दाबून पाहिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

मी आजूबाजूला पाहिलं. अध्यक्षाला काही प्रतिष्ठा असते. मग हळूच हंबरलो.

विनीने एकदा मान तिरकी केली, हात टाकून दिला आणि ग्वेंडाकडे निघून गेली. गावात नवीन राहायला आलेली एक आई हे सगळं बघत होती. ती नोलाच्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, हे घरी न्यायला मिळतं का?"

"नेऊ नकोस," नोला म्हणाली. "इतकी वर्षं माझ्याकडेच आहे. जागा फार खातं, आणि आवाज हा एवढा एकच निघतो."