बेदाण्यांना विरोध कोण करेल?

"पास्तेल हा पुएर्तो रिकोच्या नाताळातला महत्त्वाचा पदार्थ आहे," असं मोठ्याने वाचून प्रोफेसर इरिसारींनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा काढला की शोधनिबंधाचं काही खरं नाही, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. निबंध यारिएलिसचा होता, आणि ती समोरच बसली होती.

"या विधानाला विरोध कोण करेल?"

"कोणीच नाही, सर."

"तेच तर दुखणं आहे. अगं, निबंधाचं मुख्य विधान असं हवं की शहाण्या माणसाला तुझ्याशी भांडावंसं वाटेल. भांडणच नाही, तर पुढची पानं लिहायची कशाला? सोमवारी नवं विधान आण. नाहीतर हा विषय पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी म्हणजे पदवी लटकली, आणि पदवीवर अडकलेली पोन्सेच्या शाळेतली नोकरीही गेली. यारिएलिस तोंड पाडून लारेसला घरी आली, तेव्हा स्वयंपाकघरात नाताळच्या पास्तेलचा कारखाना सुरू झाला होता. आई कच्ची केळी किसत होती, चेओमामा केळीच्या पानावर कीस थापून त्यात मांसाचं सारण भरत होता, आणि सगळ्यांत थोरली एल्बा मावशी पुडके दोऱ्याने बांधत होती. मामाला सारणात बेदाणे लागत आणि आईला ते डोळ्यांसमोर चालत नसत. म्हणून बेदाण्यांचे पुडके लाल दोऱ्याने आणि बाकीचे पांढऱ्या दोऱ्याने बांधायचे, असा घरात तह होता. त्या लाल दोऱ्यावर हे कुटुंब वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदत होतं.

"मला एक भांडण हवंय," यारिएलिस खुर्चीत बसत म्हणाली.

"कोणाशी?" मामाने बाह्या सरसावल्या.

तिने सगळं सांगितलं. मामा हसला. "एवढंच ना? लिही, बेदाण्यांवाचून पास्तेल म्हणजे नुसता उकडलेला चिखल."

आईची किसणी थांबली. "लिही, बेदाणे घालणाऱ्याला देवाने जीभ दिलेली नसते."

"मला या वादात ओढू नका," मावशी म्हणाली. "पण आपल्या आईच्या पास्तेलमध्ये बेदाणे असायचे."

"मुळीच नसायचे," आई उसळली.

"तू शेंडेफळ. तुला काय आठवणार?"

यारिएलिसला आनंद झाला. इतकं जिवंत विधान तिला ग्रंथालयात सापडलं नव्हतं. "पण याला पुरावा काय?" तिने विचारलं, आणि आगीत तेल पडलं. कोणाच्या लग्नात कोणी काय खाल्लं, कोणाला उलटी झाली, सगळं बाहेर निघालं. शेवटी आईने लाल दोऱ्याचं रीळ उचललं आणि खिडकीतून भिरकावलं. ते शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडलं.

"आता बांध तुझे बेदाणे."

मामा हटणारा नव्हता. त्याने सगळे पुडके पांढऱ्या दोऱ्याने बांधले आणि एकाच पातेल्यात सोडले. पाणी खळखळायला लागल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं की कशात काय आहे, हे आता कोणालाच कळणार नाही.

रविवारी जेवताना आई प्रत्येक घास काट्याने उलटापालटा करून मगच तोंडात घालत होती. "एल्बा, त्याला सांग, भात घे म्हणावं." समोरच बसलेला मामा म्हणायचा, "एल्बा, तिला सांग, पोट भरलं." नाताळचं जेवण यंदा आपापल्या घरी, इथवर गोष्ट गेली. आपल्या एका वाक्यापायी घर फुटलं, याचं यारिएलिसला फार वाईट वाटत होतं. तरी विधान तर द्यायचंच होतं. घर आईचं असल्यामुळे तिने आईची बाजू घेतली.

सोमवारी आईने सरांसाठी दोन पास्तेल दिले. सरांनी एकाचा दोरा सोडून तो खायला घेतला आणि खाता खाता वाचलं, "बेदाणे घातल्याने पास्तेलची अस्सल चव बिघडते." त्यांनी चष्मा काढला.

"याला तरी विरोध कोण करेल? पास्तेलमध्ये बेदाणे घालतं कोण? हे म्हणजे पाणी ओलं असतं म्हणण्यासारखं झालं. नामंजूर."

यारिएलिसच्या डोळ्यांत पाणी आलं. घर फुटलं आणि नोकरीही गेली.

"रडू नकोस," सर दुसरा घास घेत म्हणाले. "तुझ्या आईकडून शिक. याला म्हणतात अस्सल चव. मध्येच काहीतरी गोड लागतं, ते कशाचं?"

तिने त्यांच्या ताटलीकडे पाहिलं. तुटलेल्या कडेतून दोन फुगलेले बेदाणे डोकावत होते.

"बेदाण्यांचं, सर."

सरांचं तोंड हलायचं थांबलं. त्यांनी चष्मा लावला, ताटली जवळ ओढून नीट पाहिलं, आणि तोंडातला घास सावकाश गिळला. मग कागदावर 'मंजूर' लिहून सही केली.

"विरोधी बाजूही ऐकून घ्यावी लागेल," ते दुसऱ्या पुडक्याचा दोरा सोडत म्हणाले. "पण एवढ्या पुराव्यावर भागायचं नाही. उद्या आणखी आण."

यारिएलिसने घरी सगळं सांगितलं. आईने पदराला हात पुसले. मग चपला घालून ती शेजाऱ्यांकडे गेली, खुराड्यावरून लाल दोरा काढून आणला आणि भावाला फोन लावला.

"चेओ, ये इकडे. तुझ्या पक्षाच्या प्रोफेसरला बेदाणे हवेत."