निंबाजी दुभाषे बेकाम जाहले त्याचे वर्तमान

श्री. ज्याचे कृपेने काळ्या काचेत चित्र उमटते आणि घरबसल्या परग्रह दिसतो, त्या उजेडास दंडवत. शके १९३७ मन्मथनाम संवत्सरी, आश्विन शुद्ध प्रतिपदेस, दिवेलागणीचे सुमारास, पेटीतील राज्याची, म्हणजे चित्रवाणीवरील मालिकेची, स्थापना जाहली. धन्यांची आज्ञा जाहली जे, त्या राज्यात निंबाजी दुभाषे म्हणोन एक पात्र होते, ते पहिले पर्वी कैसे होते आणि शेवटले पर्वी कैसे जाहले, हे साद्यंत लिहिणे. त्याजवरून जैसे पाहिले तैसे लिहितो. पदरचे घातले असेल तर तेही ओळखू येईल ऐसे घातले आहे.

प्रथम निंबाजीस मिळावयाचे काय होते तो हिशेब मांडावा, म्हणजे पुढे मनुष्य कोठे वाकले आणि कोठे सरळ जाहले हे कळते. राज्य म्हणजे तारांगणात फिरणारा एक लोखंडी दुर्ग, आणि त्याच्या किल्लेदार रेवाबाईसाहेब, शूर, परंतु गुडघ्याने अधू. दुर्ग वाट चुकला आणि पाणी सरत आले, आणि मग समोर एक बर्फाळ ग्रह आला, तेथे घुमे नामे लोक नांदत होते. अंगाने गोल, चालीने संथ, तोंड मुळीच नाही. गळ्यातून घुमतात, तीच त्यांची भाषा. ती भाषा दुर्गात एकट्या निंबाजीस येत होती, कारण पूर्वी त्यांचे तारू त्या ग्रहावर फुटले होते आणि घुम्यांनीच त्यांस कित्येक वर्षे सांभाळले होते. आता पाहावे, दोन पक्ष, दोघांस एकमेकांचे कळत नाही, आणि मध्ये एक मनुष्य, त्यास दोघांचे कळते. ऐसे मनुष्याची मिळकत कशात? दोघांस कधीही न कळण्यात. निंबाजी हे पहिल्या दिवशीच समजले. रयत, म्हणजे काचेबाहेर खुर्च्यांवर बैसलेली मंडळी, तीही समजली, कारण घुम्यांचे बोल काचेच्या तळाशी मराठी अक्षरांत उमटत. ती अक्षरे रयतेस दिसत, दुर्गातील मंडळीस दिसत नसत.

मग पहिली भेट जाहली. थोरले घुमे, म्हणजे त्या लोकांतील वडील, बर्फावर बैसले आणि रेवाबाईसाहेब म्हणाल्या, "निंबाजी, विचारा, पाणी द्याल काय?" निंबाजी घुमले. थोरले उलट घुमले आणि तळाशी अक्षरे उमटली जे, 'दमून आलात. लागेल तितके न्या.' निंबाजीने मान हलविली, कपाळ पुसले आणि म्हणाले, "बाईसाहेब, प्रकरण कठीण दिसते. म्हणतात, दुर्ग खाली करून द्या." "मग?" "मग काय, मी पडतो पाया. थोडेबहुत सुटेल. पण एक आहे, उभ्या माणसाचे हे लोक ऐकत नाहीत. आपल्या उजवीकडचे आसन असते तर..." बाईसाहेबांनी तेच क्षणी आसन दिधले, वर खिडकीची खोली दिधली, की दुभाष्याचे डोके शांत राहावे. मग निंबाजी थोरल्यांकडे वळून घुमले जे, 'आमच्या बाईसाहेब तापट आहेत. माझ्यावाचून कोणाशी घुमू नका, अपमान समजतात.' थोरल्यांनी ते मानले. रयतेत एकच गिल्ला जाहला. "मेल्याच्या जिभेला हाड नाही!" "अहो, कोणीतरी सांगा त्या बाईला!" कोण सांगणार, मध्ये काच. परंतु दुसरे दिवशी शिव्या द्यावयास शेजारीपाजारीही येऊन बैसले आणि राज्याची हजिरी वाढली. वाहिनीचे धनी बहुत संतोषले.

दुसरे पर्वी निंबाजीस खोट्याची मशागत करावी लागली. घुमे कठोर आहेत ऐसे एकदा सांगितले, तेव्हा पाण्याचा प्रत्येक हंडा झगडून आणला ऐसे दिसणे भाग पडले. म्हणोन निंबाजी खाली जात, थोरल्यांचे घरी अर्धा दिवस पाहुणचार घेत, आणि निघतेवेळी आपले पागोटे आपणच चुरगाळून, एक बाही फाडून वर येत. दुर्गातील लोक धन्य धन्य म्हणत आणि वाटीभर पाण्यात तोंड धूत, आणि खाली बर्फाचे डोंगर पडलेले. मग एके दिवशी निंबाजीचा घसा बसला. बोलणे गेले आणि घुमणेही गेले. आपणामागे काही घडू नये म्हणोन त्यांणी पलंगासुद्धा स्वतःस दरबारात नेवविले आणि पडून पाहू लागले. थोरले आणि बाईसाहेब समोरासमोर गप्प बैसले. बाईसाहेब थंडीने गुडघा चोळीत होत्या. थोरल्यांनी ते पाहिले, आपल्या मांडीखालचा ऊन दगड काढला आणि त्यांचे गुडघ्यावर ठेविला. बाईसाहेब दचकल्या, मग डोळे मिटून म्हणाल्या, "आई गं, बरे वाटले." थोरल्यांनी तो आवाज तैसाच गळ्यातून काढून पाहिला, अगदी "आई गं"च्या चालीवर, तेव्हा बाईसाहेबांस हसू आवरेना, आणि थोरलेही पोटापासून थरथरू लागले, आणि दोघे किती वेळ तैसेच हसत होते. रयतेने हे पाहिले आणि निंबाजीचे तोंडही पाहिले. तेथे आनंद नव्हता, भय होते. आपणावाचून दोघे हसले. त्या दिवशी त्यांणी जेवण तैसेच परत पाठविले. पुढे घसा सुटल्यावर बाईसाहेबांनी विचारले, "निंबाजी, त्या दिवशी थोरले इतके का हसले हो?" निंबाजी म्हणाले, "ठाऊक नाही, बाईसाहेब." हा त्यांचा मालिकेतील पहिला खरा शब्द. सद्गुणाने बोलले ऐसे लिहवत नाही. दुसरे काही सुचले नाही. परंतु जमा ती जमा, कोठूनही येवो.

तिसरे पर्वी तोफखान्याचे सरदार गुणाजी पुढे आले. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. ते दरबारात म्हणाले, "अरे निंबाजी, सांग या भोपळ्यांस, तुमचा सगळा बर्फ आमच्या तोफेच्या टप्प्यात आहे!" निंबाजीने क्षणभर खाली पाहिले आणि घुमले जे, 'सरदार विचारतात, लेकरेबाळे बरी ना?' थोरल्यांस गहिवर आला. त्यांणी उत्तर केले, 'बरी आहेत. सरदारांच्या ओठावर हे केसांचे काय उगवले आहे? आजार आहे काय?' निंबाजी म्हणाले, "गुणाजीराव, म्हणतात, आपल्या मिशा पाहून छाती दडपली." "दडपणारच!" ऐसे म्हणोन सरदारांनी पीळ भरला. रयत लोटपोट जाहली. मागील वर्षी जे लोक निंबाजीस शिव्या घालीत, तेच आता म्हणू लागले, "काही म्हणा, मनाचा वाईट नाही बिचारा." येथे हिशेब बारकाईने पाहावा. पूर्वीचे खोटे आसनासाठी होते. हे खोटे शांततेसाठी, यात निंबाजीस दमडीचा लाभ नाही. मनुष्य सुधारले यात संशय नाही. परंतु दार एकच होते आणि त्याची किल्ली अजून त्यांचेच कमरेस. आणि जे गोड सांगितले ते दोन्हीकडे मुरत गेले. गुणाजी समजले जे, घुमे भित्रे, काही बोलले तरी गिळतात. घुमे समजले जे, ही माणसे मोठी लाघवी, यांजपासून पहारा ठेवणे म्हणजे असभ्यपणा.

मग चौथे पर्वी जे व्हावयाचे ते जाहले. दुर्गातील लोक तहानेने कावले होते. गुणाजी म्हणाले, "कुठवर एकेका हंड्यासाठी झगडायचे? तळेच घेतो!" आणि बाईसाहेबांस न पुसता, निंबाजीस संगे घेऊन, तोफ ओढीत बर्फाचे तळ्यावर गेले. तो घुम्यांची लेकरे भोवती जमली. लेकरांची खुशाली विचारणारे सरदार खेळणे घेऊन आले, ऐसे त्यांस वाटले. एक लेकरू तोफेच्या तोंडात डोके घालून घुमले, आत नाद उठला, मग सगळीच रांग लावून घुमू लागली. गुणाजीच्या हातात पेटती बत्ती. "बाजूला व्हा म्हणावे यांना! निंबाजी, सांग ना लेका!" तोवर बाईसाहेब धापा टाकीत आल्या, थोरलेही आले, आणि सर्वांनी निंबाजीकडे पाहिले. रयतेने घरोघर श्वास धरला. निंबाजीपाशी एक गोड वाक्य तयार होते, ते ओठावर आलेले रयतेस दिसले. परंतु गोड वाक्याने लेकरे हलती ना. ती गोड वाक्यानेच तेथे आली होती. हलवावयाची तर खरे सांगणे प्राप्त, आणि एक खरे सांगितले म्हणजे मागचे सगळे उसवणार, आसन, खोली, मान आणि कदाचित मानेवरचे डोकेही. तेव्हा निंबाजी घुमले, आणि तळाशी अक्षरे उमटली जे, 'लेकरे मागे घ्या. हे मारण्याचे यंत्र आहे. गुणाजीने त्यांची खुशाली कधी विचारली नाही. ती मी विचारली होती.' थोरल्यांनी एक लांब सूर काढला आणि लेकरे पळाली.

मग निंबाजी वळले आणि म्हणाले, "बाईसाहेब, पहिल्या दिवशी हे म्हणाले होते, दमून आलात, लागेल तितके न्या. दुर्ग मागितला तो मी." तेव्हा गुणाजीने बत्ती बर्फात खोचली आणि हळूच विचारले, "आणि मिशांचे?" "आजार आहे काय, ऐसे विचारले होते." बाईसाहेब इतक्या संतापात होत्या, तरी त्यांच्या नाकातून हसू निसटले. थोरले म्हणाले, ते निंबाजीने अक्षर न गाळता सांगितले, की 'इतकी वर्षे तुम्ही सगळे एकाच गळ्याने बोललात. आम्हांस वाटे, तुम्हां सर्वांत मिळून मन एकच आहे आणि बाकीची नुसती अंगे. आज दुसरे कोणी आहे हे कळले.' "म्हणजे आम्हांस बाहुल्या समजत होते?" बाईसाहेब म्हणाल्या. "होय. आणि कीव करीत होते." "तोफेच्या तोंडी द्या याला!" गुणाजी ओरडले. बाईसाहेब म्हणाल्या, "नाही. ते सोपे आहे. माझी माणसे घोटाघोटाने जगली, निंबाजी, खिडकीत बसून तुम्ही पाहिलीत. आसन सोडा. खोली सोडा. आणि दुर्गातल्या प्रत्येकास घुमायला शिकवा. शेवटले माणूस शिकेपर्यंत तुमची सुटका नाही. पहिले विद्यार्थी गुणाजीराव." "मी?" "तुम्हीच. मिशा आडव्या येत असतील तर कापा."

पाचवे पर्वी तोफखान्यातच पाठशाळा भरली. निंबाजी फळकुटावर बैसून घुमत आणि सगळा दुर्ग त्यांचे मागे घुमे. मिशा कापल्या नाहीत. गुणाजी त्या दोन्ही हातांनी वर धरून घुमत, आणि त्यांस प्रथम जे वाक्य साधले ते लेकरांची खुशाली विचारण्याचे. ते खाली जाऊन त्यांणी खरेच विचारले. रयतेतही भलते घडले. इतकी वर्षे ऐकून लोकांस घुमणे कळू लागले होते. नवरा स्वयंपाकघराकडे तोंड करून पाण्यासाठी घुमे आणि आतून उत्तर घुमत येई की, उठून घ्या. तेव्हा एके दिवशी मालिकेच्या चिटणीस, म्हणजे कथा लिहिणाऱ्या मंदाकिनीबाई, यांणी तळाची अक्षरे काढून टाकिली, आणि कोणाचे काही अडले नाही.

परंतु जसजसे लोक शिकले तसतसे निंबाजीस काम उरेना. दरबारात ते मागे सरकले, मग खांबाआड, मग एखादे दिवशी दिसतच ना. वाहिनीचे धनी घाबरे जाहले. त्यांणी मंदाकिनीबाईंस बोलावून म्हटले, "बाई, लोक निंबाजीसाठी बसतात. काहीतरी करा. सगळ्यांना स्मृतिभ्रंश द्या." "सगळ्या दुर्गाला?" "जुळा भाऊ आणा. घुम्यांची भाषा बदला. साथ आणा घशाची." मंदाकिनीबाई म्हणाल्या, "साहेब, त्याची गरज परत आणायची तर सगळ्यांना पुन्हा मुके करावे लागेल. हेच तो पहिल्या पर्वात करत होता. मग पाच वर्षे मी काय लिहिले?" "अहो, मग तो जाईल मालिकेतून." "जाईल. चांगला होऊन जाईल." धनी पुष्कळ रुसले, मग हजिरीचे आकडे चढलेले पाहिले आणि होकार दिला.

शेवटले दिवशी ऐसे दाखविले. दरबारात बाईसाहेब आणि थोरले तळ्याच्या हद्दीवरून भांडत आहेत, मध्ये कोणी नाही. बाईसाहेब वाकडे घुमतात आणि थोरले गळ्यातूनच मोडकी मराठी काढतात, "नाही म्हंजे नाही!" निंबाजी दाराबाहेर उभे. बाईसाहेबांनी एक सूर चुकविला आणि अर्थाचा अनर्थ जाहला, थोरल्यांचे अंग ताठले. निंबाजीने पाऊल उचलले, तोंड उघडले, आणि मग मिटले. आत थोरल्यांनी विचारले, 'हेच म्हणायचे होते?' बाईसाहेब म्हणाल्या, "नाही हो, थांबा, पुन्हा म्हणते." आणि पुन्हा म्हणाल्या, आणि जमले. निंबाजीने आपल्याशीच हसून उपरणे सावरले आणि ते लांब वाटेने चालू लागले, आणि चित्र त्यांचे मागे न जाता आत भांडणाकडेच राहिले.

आता वसुली पाहून लेखणी ठेवितो. घुम्यांस शेजार मिळाला. रेवाबाईसाहेबांस पाणी मिळाले, आणि भांडावयास बरोबरीचे कोणी. गुणाजीस तळ्याकाठी तीसेक लेकरे मिळाली, ती मिशांस लोंबकळतात. रयतेस एक भाषा मिळाली, जिचा बाजारात काही उपयोग नाही आणि जी कोणी विसरावयास तयार नाही. यातील फुकट काही आले नाही. दुर्गातील लोकांनी तहान दिली. ती परत करणे कोणाचे हाती नाही, आणि निंबाजीचे नावे ती कायम लिहिलेली राहील. निंबाजीने आसन दिले, खिडकी दिली, ती रक्कम किरकोळ. मोठी रक्कम एकच, आपल्यावाचून जगाचे अडावे ही हौस. ती त्यांणी पुरती मोजून दिली आणि पावती मागितली नाही.